शेवाळी लड आणि टोपलीभर गुंडे

माणसाच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं की त्याने सकाळी काय खाल्लं, घरात कोणाशी भांडला आणि आता कुठे निघालाय, हे मी सांगू शकतो. ते बरोबर नसतं हा भाग वेगळा, पण सांगतो मी ताबडतोब. गुप्तहेराला तीन गोष्टी लागतात: तीक्ष्ण नजर, थंड डोकं आणि तोंडाला कुलूप. या तिन्ही माझ्याकडे आहेत, असं मी कोणालाही भेटलो की पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतो.

आजवर मी एकूण नऊ प्रकरणं हाताळली. त्यातली सात आपोआप सुटली, यावरून माझा दरारा लक्षात यावा. आठव्या प्रकरणात मेहुण्याची हरवलेली छत्री मीच घेऊन हिंडत होतो. पण ते शोधूनही मीच काढलं, हे मेहुणा सोयीस्करपणे विसरतो. नववं प्रकरण अजून चालू आहे. त्याविषयी घरात बोलायला बायकोने बंदी घातली आहे.

कामावर असताना मी गडद हिरवा गॉगल घालतो. त्यामुळे मी कोणाकडे बघतोय ते समोरच्याला कळत नाही. संध्याकाळनंतर मलाही कळत नाही.

माझा मित्र बसकंडक्टर आहे. त्याला सगळे कंडक्टरच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. सहा फूट उंच, फावड्यासारखे हात, आणि त्या हातांनी तो विणकाम करतो. मागे पाय मोडून तीन महिने पलंगावर होता, तेव्हा वेळ घालवायला शिकला. हाड जुळलं, सुया सुटल्या नाहीत. हाताने रंगवलेल्या लोकरीचं एक वर्कशॉप आहे, तिथे जायचं त्याच्या फार दिवस मनात होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला.

"येतोस का? पण एका अटीवर. आज तू कोणाला काही शोधून द्यायचं नाहीस."

"सुट्टीवर आहे मी," मी म्हटलं आणि गॉगल घातला.

दोन तासांच्या प्रवासानंतर आम्ही पोचलो. एक बैठं घर, मागे फरसबंद अंगण. अंगणात एका ओळीत पाच शेगड्या, त्यांवर मोठी पातेली, पातेल्यांतून वाफ आणि वाफेला ओल्या मेंढीचा वास. डोक्याच्या उंचीवर आडव्या काठ्या बांधलेल्या आणि त्यांवर लोकरीच्या लडी वाळत घातलेल्या. लड म्हणजे लोकरीचं लांबलचक सैल वेटोळं, मधोमध पीळ दिलेलं. कंडक्टर देवळात आल्यासारखा हात जोडून उभा राहिला. मला मात्र सगळ्या लडी एकाच रंगाच्या दिसल्या. तसं मी बोललो नाही.

रंगारीणबाई चाळिशीच्या होत्या. रबरी एप्रन, कोपरापर्यंत रंगलेले हात. त्या एका काठीसमोर खिळल्यासारख्या उभ्या होत्या. काठीवर दोन लडींच्या मधे वीतभर जागा रिकामी होती.

"या," त्या वळून कंडक्टरला म्हणाल्या. "बसा. नाही, बसू नका. म्हणजे बसा, पण मी आत्ता तुम्हाला काही दाखवू शकणार नाही. माझी एक लड गेली."

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती होती. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

"कधी गेली?" मी वही उघडली.

झालं होतं ते असं. गावात एक घड्याळजी होते, म्हातारे. त्यांची बायको त्यांच्यासाठी स्वेटर विणत होती. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली, दुसरी बाही कोपरापर्यंत आली आणि बायको वारली. लोकरही तिथेच संपली. ती लोकर ज्या दुकानातून आणली होती ते दुकान कधीच बंद पडलेलं. घड्याळजींनी गावभर शोधलं, रंग जुळेना. शेवटी कोणीतरी त्यांना इथे पाठवलं.

"सहा महिने मी तो रंग काढतेय," रंगारीणबाई म्हणाल्या. "शेवाळी, पण पुरता शेवाळी नाही, थोडा राखेकडे झुकणारा. कांद्याच्या साली आणि गंजक्या लोखंडाचं पाणी. साली दर वेळी वेगळा रंग देतात. दहा वेळा चुकलं. अकराव्या वेळी जमलं. काल इथे वाळत घातली होती. आज चार वाजता ते न्यायला येणार आहेत."

"परत रंगवता येणार नाही?" कंडक्टरने विचारलं.

"रंगवता येईल. तोच रंग येईल असं नाही. आणि चारपर्यंत वाळणार तर नाहीच." त्यांनी कपाळ पुसलं, कपाळावर रंगाचा पट्टा उमटला. "कधी कधी वाळलेल्या लडी सासूबाई आत नेतात. त्यांना विचारून येते."

"थांबा!" मी म्हटलं. "आत्ता या घरातला प्रत्येक जण संशयित आहे. काय हरवलंय हे कोणालाही कळता कामा नये. एकदा बोभाटा झाला की गुन्हेगार माल हलवतो. आतली खोली मी स्वतः बघून येतो."

आतल्या खोलीत सासूबाई खिडकीशी आरामखुर्चीत झोपल्या होत्या. मांडीवर एक केसाळ मांजर अंगाचं वेटोळं करून गाढ झोपलं होतं. टोपल्या, सुया, रेडिओ. संपूर्ण खोलीवर नजर फिरवून मी पावलांचा आवाज न करता बाहेर आलो. एक स्टूल पडलं, पण ते माझ्यामुळे नाही.

"आत लड नाही," मी जाहीर केलं. "त्या झोपल्या आहेत."

"मग नका उठवू. रात्रभर गुडघ्यांनी डोळ्याला डोळा लागला नाही त्यांचा," रंगारीणबाई म्हणाल्या, आणि एका पातेल्याखाली शेगडी पेटवून त्यात कांद्याच्या साली टाकायला लागल्या. बाराव्या वेळेची तयारी. डोळे पाणावले होते. वाफेने, असं त्या न विचारता म्हणाल्या.

मी कामाला लागलो. माझा पहिला सिद्धांत साधा होता. लोकर लपवायला लोकरीइतकी चांगली जागा नाही. चोराने लड कुठेही नेलेली नाही, शेजारच्याच काठीवर टाकली आहे! मी काठ्या तपासल्या आणि दहाव्या मिनिटाला एक लड उंच धरली.

"सापडली!"

"ती गुलाबी आहे," रंगारीणबाई म्हणाल्या.

पुढच्या पंधरा मिनिटांत मी तीच लड आणखी तीन ठिकाणी शोधून काढली. एक पिवळी होती, एक जांभळी, आणि तिसरी लड नव्हती, रंगारीणबाईंच्या नवऱ्याचा वाळत घातलेला मफलर होता.

"हिरवा गॉगल काढ," कंडक्टर हळूच म्हणाला.

"गॉगल काढला तर मला ओळखतील."

"इथे तुला कोण ओळखतं?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

दुसरा संशयित नवरा. तो मागच्या नळावरून बादल्या आणत होता. मी त्याचे हात तपासले. बोटं, तळवे, नखं, सगळं रंगलेलं.

"रंगेहाथ!" मी म्हणालो.

"हो," नवरा म्हणाला. "वीस वर्षं."

मग रंगारीणबाईंनी पातेल्यातले हात वर करून दाखवले. मग एक लड दाबून बघत असलेल्या कंडक्टरने आपले दाखवले. त्याचेही रंगले होते. ज्या घरात सगळेच रंगेहाथ सापडतात, तिथे हा पुरावा कामाचा नाही, असं मी वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. तरी नवऱ्याला मी मोकळा सोडला नाही. तो फार शांत होता. मी निर्दोष असताना कधीच इतका शांत नसतो.

दुपार झाली. डबे उघडले गेले, पण रंगारीणबाई जेवल्या नाहीत. पातेल्यातून एक धागा काढायच्या, उजेडात धरायच्या, मान हलवायच्या आणि परत सोडायच्या. मी एका कोपऱ्यात उभा राहून विचार केला. या अंगणात असा कोण आहे, ज्याला लोकरीचा मोह आवरत नाही? जो लडी बघून हात जोडतो? उत्तर भयंकर होतं. पण गुप्तहेराला मित्र नसतो.

कंडक्टर पाणी प्यायला गेल्यावर मी त्याची पिशवी उघडली. आत सुयांवर अर्धवट विणलेलं काहीतरी, मऊ, आणि रंगाने शेवाळी. थोडासा राखेकडे झुकणारा.

तो परत आला तेव्हा ते माझ्या हातात होतं.

"हे काय आहे?"

"कानटोपी," तो म्हणाला. "नारिंगी. तुझ्यासाठी करतोय. वाढदिवसाला द्यायची होती."

मी ते परत पिशवीत ठेवलं. त्याने काढून एक निसटलेला टाका सुईवर घेतला आणि पुन्हा ठेवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"संशयितांच्या यादीतून तुझं नाव काढलं आहे," मी म्हटलं.

"उपकार झाले," तो म्हणाला, आणि रंगारीणबाईंना पातेलं उतरवायला मदत करायला निघून गेला.

तीन वाजले. आता एकच साक्षीदार उरला होता. मी आत गेलो. सासूबाई जाग्या झाल्या होत्या, खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मांजर दिसत नव्हतं.

"मांजर कुठे गेलं?" मी सहज सुरुवात केली.

"कुठलं मांजर?"

साक्षीदार मांजर लपवत आहे, असं मी मनात टिपलं. वहीत टिपणार होतो, पण त्या म्हणाल्या, "हात मोकळे आहेत का? बसा इथे समोर. दोन्ही हात पुढे करा."

मी केले. त्यांनी माझ्या दोन्ही हातांभोवती काहीतरी अडकवलं आणि त्याचं टोक ओढून गुंडाळायला लागल्या. साक्षीदाराला बोलतं ठेवायचं तर त्याच्या छोट्यामोठ्या लहरी सांभाळाव्या लागतात.

"आजी, आज सकाळी अंगणात कोणी अनोळखी माणूस बघितलात?"

"तुम्ही. हात जरा लांब धरा."

"माझ्याआधी?"

"तुमच्याबरोबरचा तो उंच. अंगठा आडवा येतोय."

मी अंगठा सरळ केला आणि थेट मुद्द्यावर आलो. चोरीमागे गुंडांची टोळी असणार, हा माझा नवा सिद्धांत होता. "खरं सांगा. या घरात गुंडांचं काय आहे?"

"गुंडे? ते तर मीच करते," सासूबाई म्हणाल्या.

गुंड तयार करणारी हीच! मी आवाज शांत ठेवला. "आजवर किती झाले?"

"या महिन्यात टोपलीभर. हा एक झाला की आज बास."

"आणि ते... कसे तयार करता?"

"आधी सैल सोडायचं. मग हळूहळू आवळत न्यायचं. पण फार नाही हं. फार आवळलं की जीवच जातो."

"सूनबाईंना हे सगळं माहीत आहे?"

"तिनेच शिकवलं मला. पण हा तिच्यासाठी नाही." त्या पुढे झुकल्या. "चार वाजता एक म्हातारे गृहस्थ येणार आहेत ना, त्यांच्यासाठी मुद्दाम ठेवलाय. त्यांना बिचाऱ्यांना काही कल्पना नाही. आले की सरळ त्यांच्या हवाली करायचा."

हातांवर उरलेला शेवटचा वेढा घसरून गेला आणि मी तडक उठलो. लडीची चोरी हा केवळ देखावा होता! या घरात एक म्हातारी खिडकीत बसून गुंड तयार करत होती, आणि चार वाजता त्यांतला एक, एका निराधार विधुरावर सोडला जाणार होता.

मी सगळ्यांना अंगणात गोळा केलं. चारला पाच कमी होते. रंगारीणबाई बाराव्या वेळची ओली लड हातात घेऊन उभ्या होत्या. ती जुळली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"मंडळी," मी म्हणालो, "हे प्रकरण साध्या चोरीचं नाही. या घरात एक टोळी आहे. टोळीची प्रमुख आतल्या खोलीत बसते, आणि तिचा उजवा हात..." मी नवऱ्याकडे बोट केलं. "हा!"

नवऱ्याने बादली खाली ठेवली. "आईची टोळी आहे?"

"टोपलीभर गुंड आहेत, असं तिने स्वतः कबूल केलंय!"

"आणि मी काय करतो त्यात?"

"ते अजून ठरायचंय."

"ठरलं की सांगा," नवरा म्हणाला. "संध्याकाळी मला पाणी भरायचं असतं."

तेवढ्यात फाटक वाजलं. घड्याळजी आले होते. बारीक चणीचे, स्वच्छ दाढी केलेले, हातात कापडी पिशवी. मी धावत जाऊन त्यांच्यासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

"एक पाऊल पुढे टाकू नका! तुमच्या जिवाला धोका आहे!"

"डॉक्टरही तेच म्हणतात," घड्याळजी म्हणाले आणि मला वळसा घालून आत आले.

रंगारीणबाई पुढे झाल्या. "काका, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय," त्या म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. सहा महिने त्यांनी ज्या क्षणासाठी घालवले होते, तो त्यांच्यासमोर येऊन उभा होता, आणि त्यांच्या हातात चुकीच्या रंगाची ओली लोकर होती. घड्याळजींनी त्या लोकरीकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे. त्यांना समजलं असावं. त्यांनी पिशवी पोटाशी धरली.

"असू दे, पोरी," ते म्हणाले. "एवढं केलंस, खूप झालं."

"बाजूला व्हा रे जरा," मागून आवाज आला. सासूबाई एका हाताने भिंत धरत, गुडघे सांभाळत बाहेर येत होत्या. दुसऱ्या हातात लोकरीचा एक गोल गुंडा होता, मोसंबीएवढा. त्यांनी तो सरळ घड्याळजींच्या हातात ठेवला. "हा घ्या. लड न्याल आणि घरी जाऊन गुंता कराल, म्हणून गुंडाळूनच ठेवला."

घड्याळजींनी पिशवीतून बाही काढली. दोन सुयांवर अडकलेली, कोपरापर्यंत आलेली. तिच्याशेजारी त्यांनी गुंडा धरला. एक पातेलं तेवढं रटरटत होतं.

"तीच आहे," रंगारीणबाई पुटपुटल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "आई, ही लड तुमच्याकडे होती?"

"सकाळीच वाळली होती. मांडीवर घेऊन बसले आणि डोळा लागला. मला कोणी विचारलं का? हे पाहुणे तर याच लडीत हात अडकवून तासभर बसले होते. मला वाटलं तुम्हीच पाठवलंत मदतीला. बाकी हात छान धरतात. बडबड फार करतात."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पण मांजर..." मी म्हणालो.

"आमच्याकडे मांजर नाही," नवरा म्हणाला.

कंडक्टर माझ्याजवळ आला. त्याने दोन बोटांनी माझा गॉगल काढला, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवला. डोळ्यांवर एकदम उजेड आला. काठ्यांवर गुलाबी, हळदी, निळं, तांबडं लटकत होतं. इतका वेळ मी या सगळ्याच्या मधे उभा होतो. अशा वेळी गुप्तहेराने काय म्हणावं याचे काही संकेत आहेत. मला एकही आठवला नाही.

"चुकलो," मी म्हटलं. रंगारीणबाईंना, नवऱ्याला, आणि मग कंडक्टरला. त्याला दोनदा म्हटलं.

रंगारीणबाई आधी हसायला लागल्या आणि मग एप्रनमध्ये तोंड लपवून रडायला लागल्या. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याला शेगडी बंद करायला सांगितलं.

"काका, बाही मी पुरी करून देतो," कंडक्टर घड्याळजींना म्हणाला. "पुढच्या सुट्टीपर्यंत होईल. टाके अगदी काकूंसारखे घालतो, कळणार नाही कोणाला."

घड्याळजींनी बाही त्याच्या हातात दिली नाही. "तुम्ही मला शिकवाल का?" त्यांनी विचारलं. "आयुष्यभर बारीक कामच केलंय. जमेल मला."

पायरीवर दोघं शेजारी बसले. फावड्यासारखे हात आणि चिमट्यासारखे हात. कंडक्टर सांगत होता, "सुई आत, धागा वरून, ओढा, सोडा." घड्याळजी एक डोळा मिटून प्रत्येक टाक्याकडे स्क्रू बसवल्यासारखे बघत होते. गुंडा घरंगळू नये म्हणून तो मी दोन्ही हातांत धरला होता. नवरा जाता-येता म्हणाला, "नीट धरा, पळेल." मी नीट धरला.

बेचाळीस टाक्यांची एक ओळ व्हायला तास लागला. दोन टाके निसटले, कंडक्टरने ते उचलून दिले. घड्याळजींच्या कपाळावर घाम आला होता. शेवटचा टाका सुईवर गेला तेव्हा रंगारीणबाईंनी बाही हातात घेऊन बघितली. रंग सलग गेला होता, कुठे जोड दिसत नव्हता. पण काकूंचे टाके सैल, एकसारखे होते, आणि वरची नवी ओळ इतकी घट्ट झाली होती, की बाही तिथे आत खेचली गेली होती.

"उसवून परत घालू या का?" त्यांनी हळूच विचारलं. "पहिल्यांदा सगळ्यांचीच घट्ट होते. आत्ता सहज निघेल."

"नको," घड्याळजी म्हणाले. त्यांनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला. "राहू दे तशीच. तिने कुठपर्यंत विणलं ते मला दिसलं पाहिजे."

त्यांनी बाही माझ्यासमोरही धरली, जसं लहान मूल आपलं चित्र सगळ्यांना दाखवतं तशी. मला विणकामातलं ओ की ठो कळत नाही. पण ती ओळ मला शोधावी लागली नाही.